खाऱ्या टाक्यांचा पावसाळा

७ जून

दवाखान्यातल्या माशांच्या टाकीबद्दल दादरच्या दंतवैद्यांचा सकाळीच फोन. "टाकी गंजली." काच गंजत नाही आणि वाळूही गंजत नाही, त्यामुळे काय झालं असेल ते निघण्याआधीच कळलं होतं. तरी गेलो. पांढऱ्या वाळूवर, कोऱ्या सिरॅमिक दगडांवर, मागच्या काचेवर तपकिरी भुकटी. बोट फिरवलं तर लगेच निघाली, चिमटीत चोळली तर किंचित खरखरली. डायटम. टाकी भरून महिना होत आला, म्हणजे वेळेवरच आले म्हणायचे.

डायटम स्वतःभोवती सिलिकाची डबी बांधतात. पाण्यात सिलिका असेल तितके दिवस त्यांचं राज्य. डॉक्टर म्हणाले, "पण मी तर आरओचंच पाणी घालतो." दवाखान्याच्या मागच्या खोलीत जाऊन पाहिलं तर पिण्याच्या पाण्याचा आरओ. त्यात चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते. माणसांना उत्तम, टाकीला निरुपयोगी. मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा इथून येतं, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून. विरघळलेली सिलिका घेऊनच ते शहरात उतरतं. ती अडवायला आरओच्या पुढे डीआय रेझिनचं नळकांडं लागतं. मीटर लावला, टीडीएस ३८. हवा शून्य.

त्यांना औषध हवं होतं. औषध नाही. काच पुसत राहा, वाळू वरवर हलवा, नळकांडं बसवा. थोड्या ट्रोकस गोगलगायी सोडल्या आहेत. सिलिका संपली की काही आठवड्यांत आपोआप ओसरेल. "म्हणजे काहीच करायचं नाही?" हलणारा प्रत्येक दात तुम्ही उपटता का, असं तोंडावर आलं होतं. पण पुढच्या महिन्यात त्यांच्याच खुर्चीत माझं रूट कॅनाल आहे.

भाचा बरोबर होता. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालाय, नोकरी मिळेपर्यंत माझ्याबरोबर बादल्या उचलतो. परत येताना लोकलमध्ये म्हणाला, "मामा, पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला पाचवा हिस्सा एकटे डायटम करतात. आणि आपण त्यांना फडक्यानं पुसून आलो."

१४ जून

दिवसभर पाऊस. वर्सोव्याच्या एकांचा निरोप, ओळखीच्या होडीवरून समुद्राचं पाणी आणू का? नको. उन्हाळ्यात लांबून, खोल पाण्यातून आणलेलं एक वेळ चालेल. आता नाले आणि खाड्या सगळं शहर धुऊन किनाऱ्यावर ओततायत. त्या पाण्यात मीठ कमी, गाळ जास्त, आणि नायट्रेट-फॉस्फेट इतकं की हिरवाईला मेजवानीच. पोत्यातलं मीठ घ्या, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, घनता १.०२५ आली की थांबा.

१९ जून

मुलुंड. आजींची टाकी मुलानं दुबईला जाण्यापूर्वी लावली, सांभाळतात आजी. खिडकीजवळ, २०० लिटर, दोन क्लाउनफिश, एक पिवळा टँग आणि मऊ प्रवाळांची दोन झुडपं. ती झुडपं आता दिसत नाहीत. दगडांवर वीतभर हिरव्या झिपऱ्या, पाण्याबरोबर डुलतायत. आजींना मात्र ते आवडतं. "छान हिरवं झालंय की. माशांना सावली."

फॉस्फेट मोजलं, शून्य. भाच्याला वाटलं किट जुनं झालं. किट ठीक आहे. झिपऱ्या वाढल्या की पाण्यात आलेलं फॉस्फेट मोजायला उरतच नाही, आधीच खाऊन झालेलं असतं. टाकी हिरवीगार आणि चाचणी शून्य असं दिसलं की चाचणीवर विश्वास ठेवायचा नाही, डोळ्यांवर ठेवायचा. मग प्रश्न एवढाच, खाणं येतंय कुठून?

"आजी, माशांना काय घालता?"

त्यांनी पत्र्याचा डबा उघडला. सगळ्या खोलीत वास. जवळा.

"आमच्या गावाहून येतो. चांगला वाळवलेला. चिमूटभर सकाळी, चिमूटभर संध्याकाळी. आणि ती केशरी जोडी माझ्याकडे बघत बसली की आणखी एक चिमूट."

सुकवलेला जवळा म्हणजे अख्खी चिमुकली कोलंबी, कवचासकट, डोक्यासकट. फॉस्फेटची पुडीच. क्लाउनफिश त्यातला अर्धा खातात, उरलेला दगडांच्या फटीत कुजतो. आजींना सांगितलं की गोळ्यांचं खाणं आणून देतो. त्यांनी गोळ्यांचा वास घेतला आणि डबा परत माझ्या हातात दिला. "ह्याला चव कसली असणार?"

वाद घातला नाही. बादलीभर झिपऱ्या हातानं उपटल्या. उपटलेलं बादलीतच ठेवायचं, टाकीत सुटलेला तुकडा दुसरीकडे रुजतो. दिवा बारा तासांवरून आठ तासांवर आणला, खिडकीला पडदा लावायला सांगितला. तरी पुढचे काही महिने झिपऱ्या येत राहणार, कारण दगड कॅल्शियम कार्बोनेटचे. इतक्या दिवसांचं फॉस्फेट त्यांनी अंगात मुरवून ठेवलंय, ते हळूहळू सोडत राहतील.

२२ जून

भाच्याकडे अंबाल्याचा विद्यार्थी-मायक्रोस्कोप आहे. मुलुंडच्या झिपऱ्या त्याखाली घातल्या. साधे, मऊ, फांद्या नसलेले तंतू. "डर्बेशिया. ब्रायोप्सिस नाही." ब्रायोप्सिसला पिसासारख्या दोन्ही बाजूंनी बारीक फांद्या असतात, आणि ते उपटून, उपाशी ठेवून जवळजवळ जात नाही. त्यावर हल्ली फ्लुकोनाझोल वापरतात. माणसाच्या बुरशीवरची गोळी, लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास. डर्बेशियावरही चालते. पण औषधाच्या दुकानात सहज मिळते म्हणून टाकीत टाकावी असं मला वाटत नाही. एवढा हिरवा ढीग एकदम मेला की तो कुजतो, आणि मग सगळं फॉस्फेट पुन्हा पाण्यात. आजींच्या टाकीला गोळी नाही, शेवाळ खाणारा समुद्रससा हवा. आणणाऱ्याला सांगून ठेवलंय.

२ जुलै

ठाणे, घोडबंदर रोड, बाविसावा मजला. संगणक कंपनीतले साहेब. ३०० लिटरची टाकी, बाजारातले सगळे महागडे यंत्रभाग, आणि रोजचं मोजमाप लॅपटॉपवर तक्त्यात. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आठवडेच्या आठवडे. तक्ता दाखवताना साहेबांचा चेहरा अभिमानाचा, टाकी दाखवताना पडलेला.

दगडांवरून, प्रवाळांच्या टोकांवरून तपकिरी शेंबूड लोंबतोय. धागेधागे, प्रत्येक धाग्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा. वाळूवर तीन गोगलगायी उलट्या पडलेल्या. "सकाळी दिवा लागतो तेव्हा टाकी स्वच्छ असते," साहेब म्हणाले. "दुपारपर्यंत हे. रात्री पुन्हा कमी." आधी येणाऱ्या माणसानं निदान डायटम असं केलं होतं, आणि उपाय सांगितला होता फॉस्फेट शोषणाऱ्या लोहाच्या खड्यांची मात्रा दुप्पट, दर आठवड्याला पाणी बदल. साहेबांनी मन लावून केलं. शेंबूड वाढला.

मला संशय डायनोफ्लॅजेलेटचा. भाच्यानं बाटलीत नमुना घेतला, धागे तुटेपर्यंत जोरजोरात हलवला, फिल्टर पेपरमधून गाळला. खाली आलेलं पाणी जवळजवळ नितळ. ते दिव्याखाली ठेवून चहा घेतला. तासाभरात त्या नितळ पाण्यात पुन्हा तपकिरी धागे विणले गेले होते. डायटम असे परत जमत नाहीत. सायनोबॅक्टेरियाही नाही. साहेब बाटली हातात धरून बराच वेळ बघत होते.

घरी मायक्रोस्कोप. थेंबाच्या आकाराच्या पेशी, एक टोक निमुळतं, त्या टोकाशी खिळल्यासारख्या गरगर फिरतायत. ऑस्ट्रिऑप्सिस. भाचा म्हणाला, जुहूला आणि सिंधुदुर्गात लाटा निळ्या चमकतात तो नॉक्टिलुकासुद्धा याच कुळातला. कुळ मोठं आहे, पण हा सदस्य लोभस नाही. ऑस्ट्रिऑप्सिस पॅलिटॉक्सिनच्या जातीचं विष तयार करतो. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर याचा बहर आला होता, तेव्हा लाटांच्या तुषारांतून आलेल्या विषानं दोनशेच्या आसपास लोक ताप-खोकल्यानं आजारी पडले. गोगलगायी का उलटल्या ते यावरून कळतं. साहेबांना फोन करून सांगितलं की हातमोजे घाला, आणि दगड निर्जंतुक करायला म्हणून उकळू वगैरे नका. तसं कोणी करतं? करतात.

३ जुलै

रात्री झोप लागली नाही म्हणून हे लिहून ठेवतोय. साहेबांना उद्या काय सांगायचं ते आधी स्वतःला नीट सांगावं.

हिरव्या झिपऱ्यांवरचा उपाय म्हणजे उपासमार. ती सगळ्यांना पाठ आहे. पण डायनोवर नेमकी तीच चुकते. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेलं की डायटम, हिरवी शेवाळं, चांगले जिवाणू, दगड व्यापून बसणारे सगळेच भुकेनं मागे हटतात. जागा रिकामी होते. डायनोला दिव्याच्या उजेडाबरोबर दुसऱ्या पेशी गिळूनही जगता येतं, त्यामुळे दुष्काळात तोच टिकतो. त्यात साहेबांनी टाकी कोऱ्या, कोरड्या दगडांनी सुरू केली. वर काहीच वस्ती नव्हती.

म्हणजे आता खायला घालायचं.

अल्फ्रेड रेडफिल्डनं समुद्रातल्या तरंगत्या जिवांतलं नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण मांडलं, साधारण सोळा अणूंना एक. टाकीत इतक्या काटेकोर सोळाच्या मागे लागण्यात अर्थ नाही, पण दोन्ही असायला हवीत, एकही शून्य नको. माझं लक्ष्य नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०५ ते ०.१.

५ जुलै

साहेबांना पटायला वेळ लागला. "म्हणजे मी पाणी मुद्दाम खराब करायचं?" मी म्हटलं, शून्य म्हणजे स्वच्छ, हे तुमच्या तक्त्यानं ठरवलंय, माशांनी नाही.

ठरलं ते असं. लोहाचे खडे बाहेर. पाणी बदल बंद. खाणं दुप्पट. तरी नायट्रेट हलत नसेल तर पोटॅशियम नायट्रेट, ३०० लिटरला अडीच ग्रॅम टाकलं की साधारण पाच पीपीएम वाढतं. प्रिन्सेस स्ट्रीटवरून प्रयोगशाळेच्या दर्जाचं आणलंय, खताच्या दुकानातलं नाही. विषासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन. आणि यूव्ही दिवा, तोही थेट टाकीच्या पाण्यावर, कारण ऑस्ट्रिऑप्सिस रात्री दगड सोडून पाण्यात तरंगतो, तेव्हाच तो दिव्यातून जातो. ॲम्फिडिनियम असता तर यूव्हीचा फारसा उपयोग नव्हता, तो वाळूतच राहतो. नाव नीट कळायला हवं ते एवढ्यासाठी. तीन दिवस टाकी काळ्या कापडानं झाकून ठेवायची, मग सुरुवात.

साहेबांनी विचारलं, समुद्रातला लाइव्ह रॉक आणून टाकला तर वस्ती लवकर होईल ना? होईल, पण आणणार नाही. असा दगड म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळच, आणि आपल्याकडची सगळी कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे कायद्यापुढे वाघाच्या रांगेत. कोणी बादलीत घालून विकत असेल तर विकू दे. मासेही शक्यतो पैदाशीतलेच घ्या. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची पैदास होते, दरवेळी समुद्रातून ओढून आणायची गरज नाही.

वस्ती मात्र हवीच. मला आजींची टाकी आठवली. तिथली वाळू उचलली तर हातात वळवळते, किडे, कोपेपॉड, काय नाही त्यात.

८ जुलै

आजींकडून वाटीभर वाळू आणि फिल्टरमधला जुना स्पंज घेतला. "माझी घाण त्या श्रीमंताच्या टाकीत?" आजींना भयंकर हसू आलं. साहेबांना आधीच सांगून ठेवलंय की याबरोबर हिरव्या झिपऱ्यांचं बी येईल. ते म्हणाले, शेंबडापेक्षा झिपऱ्या बऱ्या. लेखी घ्यायला हवं होतं.

१२ जुलै

वाशी, हॉटेलच्या दर्शनी दालनातली टाकी. वाळूवर किरमिजी मखमल, कोपऱ्याकोपऱ्यांत. मोठ्या पिचकारीनं झोत मारला तर अख्खी चादर सुटून उडाली. सायनोबॅक्टेरिया. शेवाळ नव्हेच, जिवाणू. काही जाती हवेतला नायट्रोजन स्वतःच बांधतात, त्यामुळे नायट्रेट कमी केलं म्हणून त्यांचं फारसं अडत नाही. आपल्या अरबी समुद्रात ट्रायकोडेस्मियम उन्हाळ्यात भुश्यासारखं मैलोन्मैल तरंगतं, ते यांचंच भाऊबंद.

इथे कारण उघड होतं. एक पंप बंद पडलाय आणि कोणाला माहीत नाही. चादर नळीनं ओढून काढली, पंप साफ करून दोन्ही झोत समोरासमोर फिरवले. मॅनेजरनं एरिथ्रोमायसिनचं विचारलं. चालतं, चादर दोन दिवसांत जाते. पण जिवाणूंवरचं औषध फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही सोडत नाही, आणि बंद पंप बंदच राहतो.

२० जुलै

वाशीच्याच मॅनेजरचा फोन. टाकीखालच्या पेटीतलं कॉलर्पा शेवाळ वाढलंय, काढून मागच्या खाडीत टाकतो. धावत जाऊन अडवलं.

भाच्याला तिथेच उभ्या उभ्या गोष्ट सांगितली. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या पाण्यात कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा छोटासा पट्टा सापडला. टाक्यांत वाढवलेली, थंडी सोसणारी जात. अलेक्झांडर मेनेझ या फ्रेंच अभ्यासकानं ओरडून सांगितलं, संस्था एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या, आणि ती भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरली. २००० मध्ये तीच कॅलिफोर्नियात कार्ल्सबादच्या खाजणात निघाली. तिथे ताबडतोब ताडपत्री घालून खाली क्लोरीन सोडला, २००६ मध्ये ती संपल्याचं जाहीर केलं. आपल्या किनाऱ्यावर कॉलर्पाच्या स्थानिक जाती आहेतच, पण टाकीतली कुठली कुठून आली ते कोणाला माहीत? कोरडी वाळवायची आणि कचऱ्यात. खाडीत काही नाही, नाल्यात काही नाही.

त्या पेटीत आता केटोमॉर्फा लावली आहे. तारेच्या गुंत्यासारखी, दगडाला धरत नाही, उचलली की सगळी हातात येते. वॉल्टर एडीनं १९८० च्या सुमाराला स्मिथसोनियनमध्ये याच कल्पनेवर टाक्या चालवल्या होत्या. शेवाळाला स्वतंत्र जागा आणि उजेड द्यायचा, तिथे वाढू द्यायचं, आणि खरवडून बाहेर टाकायचं. वाढ आपल्या सोयीच्या ठिकाणी होते, एवढाच फरक.

१ ऑगस्ट

ठाणे. शेंबूड जवळजवळ गेला. दगडांवर पातळ तपकिरी साय आहे, ती डायटमची, मायक्रोस्कोपखाली खात्री केली. दादरला ज्याची तक्रार आली तेच इथे बघून मला आनंद झाला. काचेवर हिरवी पूड, एका दगडाच्या पाठीवर कोरलाइन शैवालाचे दोन गुलाबी ठिपके. साहेब ते ठिपके घासायला ब्रश घेऊन तयार होते. ते राहू द्या म्हटलं, हेच दगड व्यापून बसणारं चांगलं शैवाल आहे, पाण्यातून कॅल्शियम घेऊन कवच धरतं. नायट्रेट ६, फॉस्फेट ०.०७. साहेबांनी तक्त्यातला तो रकाना हिरव्या रंगानं भरला.

यूव्ही आणखी काही आठवडे चालू ठेवायचा. गोगलगायी आत्ताच नकोत.

१० ऑगस्ट

मुलुंडच्या झिपऱ्या एकदम ओसरायला लागल्यात. समुद्रससा आणून दोन आठवडे झाले. डोलाबेला, तळहाताएवढा, दगडावरून सावकाश सरकतो आणि मागे स्वच्छ पट्टा सोडतो. छेडला तर जांभळी शाई सोडतो. याची भावंडं मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही ओहोटीला सापडतात. पंपाच्या तोंडात अडकला तर मात्र खेळ खलास, म्हणून तोंडांना स्पंज बांधलाय.

पण सगळं श्रेय सशाचं नाही. आजींनी मला दाराशीच सांगितलं, "जवळा बंद केलाय." मी हरखलो. एवढी शास्त्रीय कारणं दिली होती त्याचं चीज झालं म्हणायचं.

"श्रावण लागला ना," आजी म्हणाल्या. "घरात मासळीचा डबा उघडत नाही आम्ही."

मग माशांना काय? मी ठेवून गेलेल्या गोळ्या. "खातात बापडे. उपासाला चालतंय."

१६ ऑगस्ट

दादर. टाकी लख्ख. डॉक्टर म्हणाले, आपोआपच गेलं की हो. माझं रूट कॅनाल झालं, बिलात सूट नाही.

कोपऱ्यातल्या दगडावर काचेच्या मण्यासारखे चार हिरवे फुगे दिसले. व्हॅलोनिया. एक फुगा म्हणजे एकच पेशी, सुपारीहून मोठीही होते. कंपाउंडरच्या मुलीला ती द्राक्षं वाटली आणि फोडायला बोट घातलं होतं. फोडायचं नाही, बुडापासून अख्खं सोडवायचं. दगडच बाहेर काढून चिमट्यानं सोडवले.

२९ ऑगस्ट

गणपतीच्या दर्शनाला मुलुंडला. आजींच्या टाकीत आता उपटण्यासारखी एकही झिपरी नाही, दगड दिसतायत, मऊ प्रवाळ उघडलंय. म्हणजे सशाला खायला काही नाही. हा प्राणी शेवाळ संपलं की भुकेनं मरतो, म्हणून काम झालं की हलवावा लागतो. आणि ठाण्याला साहेबांच्या टाकीत, सांगितलं होतं तसं, आजींच्या वाळूतून आलेल्या झिपऱ्यांनी दोन दगड धरलेत. दोन्ही हिशोब जुळतात.

आजींना विचारलं तर साफ नकार. भाच्यानं नोरीचे कागद सुचवले, सुशीला गुंडाळतात ते समुद्रशेवाळाचे पापुद्रे, दगडाला चिमट्यानं लावायचे. काही ससे खातात, काही तोंड लावत नाहीत. मी म्हटलं, ठाण्याला त्याला पोटभर आहे.

"गणपती घरात असताना कोणाला बाहेर काढत नाही मी. विसर्जन झालं की ने."

"आणि जवळ्याचं काय आजी? श्रावण संपला."

त्यांनी मोदक पुढे केला.

साहेबांना कळवलंय, अनंत चतुर्दशीनंतर. तोवर दोन्ही पंपांच्या तोंडांना स्पंज बसवून फोटो पाठवा.